आधीचा फोटो

१८ जून

ताई,

‘प्रिय’ मुद्दाम गाळलंय. विसरले असं समजू नकोस.

पत्ता कसा मिळाला ते आधी सांगते, नाहीतर तू त्यातच अडकून बसशील. सोमवारी शाळेच्या व्यायामशाळेत टपालाने पुठ्ठ्याची एक लांबट नळी आली. खेळाच्या बाईंनी ती उघडायला माझ्याकडे दिली. (त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणतात. त्या हजेरीसुद्धा शिट्टीवर घेतात.) नळीवर पाठवणाऱ्याचा पत्ता हाताने लिहिलेला होता आणि ते अक्षर मी लगेच ओळखलं. माझ्या वह्यांना कव्हरं घालून त्यावर नावं तूच लिहायचीस ना! दोन वर्षं तू आमचे सगळ्यांचे फोन ब्लॉक करून बसलीस आणि सापडलीस कुठे, तर गाद्यांच्या ढिगाशेजारी.

नळीत तुझा तक्ता होता. ‘मुलामुलींसाठी मोफत फिटनेस योजना.’ कुठल्याही शाळेने मागवावा, टपालखर्चसुद्धा तुमच्या जिमचा. शिट्टीबाई हरखल्या. म्हणाल्या, “फुकट आहे आणि वर रंगीत आहे. लाव भिंतीवर.” मी खुर्चीवर चढून चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. तोवर माझं लक्ष फक्त कोपऱ्यांकडे होतं. खाली उतरून मागे सरकले तेव्हा वरचे दोन फोटो दिसले. उजवीकडे ‘नंतर’, ती तू. डावीकडे ‘आधी’, आणि त्याच्याखाली लिहिलंय, ‘ही मी होते, पंधराव्या वर्षी.’

ती तू नाहीस. ती मी आहे.

गच्चीवरचा फोटो. मी तेरा वर्षांची. आईने शिवलेला हिरवा टॉप. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून मी कपाळावर हात धरला होता, त्यामुळे अर्धं तोंड झाकलंय. उरलेलं अर्धं, म्हणजे नाक आणि हनुवटी, आपल्या दोघींची एकच. तू मोबाइल धरून म्हणाली होतीस, “हलू नकोस, उजेड छान आहे.” मी पोट आत ओढून उभी होते. तर तू म्हणालीस, “सोड गं श्वास, आपल्याच घरात आहेस.” मी सोडला. नेमका तेव्हाचा फोटो आहे हा.

पंधराव्या वर्षी तू कशी होतीस ते मला चांगलं आठवतं. झाडूच्या दांड्याला गणवेश घातल्यासारखी. तुझ्यासाठी आईला प्रत्येक स्कर्टला आतून हूक लावावा लागायचा.

तो फोटो काढ. तक्त्यावरून, तक्त्यावर पत्ता दिलेल्या तुझ्या व्हिडिओंतून, सगळीकडून. हे मी तुझ्या व्हिडिओखाली कमेंटमध्येही लिहू शकले असते, तिथे काय, कुणालाही लिहिता येतं. पण तिथे सगळं जग वाचतं, आणि भिंतीवरची ती मी आहे हे मला सगळ्या जगाला सांगायचं नाही. म्हणून पत्र.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरी नको. घरी तुझा विषय निघाला की शिवणयंत्र थांबतं आणि आई दोरा शोधायला लागते, दोरा समोर असला तरी.

— धाकटी


२ जुलै

ताई,

पत्र पोचलं नाही, की पोचून तू हूं की चूं करत नाहीस? मी रोज मधल्या सुट्टीत ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. तिथल्या कारकूनबाई आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतात.

इकडे तुझं नुसतं खूळ माजलंय. जिन्यात, मैदानात, प्रयोगशाळेबाहेरच्या रांगेत, जिथे बघावं तिथे पोरं उठाबशा काढतायत आणि एकमेकांवर ओरडतायत, “बहाणे बंद!” तू व्हिडिओत बोट नाचवून म्हणतेस ना, तस्संच. कुणीतरी माझ्या फोटोला पेन्सिलने मिशा काढल्या. शिट्टीबाईंनी त्या रबराने इतक्या जोरात खोडल्या की वरचा ओठच गेला. मी गोळाफेकीच्या सरावाला जाते तेव्हा त्या बिनओठाच्या माझ्यासमोरूनच गोळा उचलून न्यावा लागतो.

हो, मी गोळाफेकीत आहे. तुला कसं माहीत असणार! तू गेल्यावर सुरू केलं. शिट्टीबाईंनी मला वर्गाच्या दारात अडकलेलं कपाट एकटीने सरकवताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी हातात गोळा दिला. तळहातावर नाही घ्यायचा, बोटांच्या मुळांवर घ्यायचा, हनुवटीखाली दाबून धरायचा आणि मग सगळं अंग मागून लोटायचं. सगळं अंग म्हणजे सगळं, पोटासकट. तिथे मला कुणी श्वास ओढून उभी राहा म्हणत नाही. शाळेत मी पहिली आहे, आणि जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली आहे.

हे सांगत बसले कारण खरं सांगायचं ते टाळतेय.

खरं असं, की तू माझी बहीण आहेस हे मीच फोडलं. आधी फक्त रेडिओला सांगितलं. रेडिओ म्हणजे माझी मैत्रीण, एकाच बाकावर बसतो आम्ही. तिचं तोंड सकाळी सुरू होतं ते शाळा सुटेपर्यंत बंद होत नाही, बातम्या, गाणी, हवामान, सगळं. पुढच्या दोन तासांत अख्ख्या शाळेला कळलं. सगळ्या पोरी मला तक्त्यासमोर घेऊन गेल्या. एकदा फोटोकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. “अय्या, तुझी ताई अगदी तुझ्यासारखीच होती की गं!” आणि मग रेडिओ म्हणाली, “म्हणजे तू पण पुढे अशीच होणार. नशीबवान आहेस.”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसले. भीती वाटली म्हणून नाही, ताई. बरं वाटलं म्हणून. आजवर मला सगळ्यांनी जाडी म्हणून बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला बघून पुढचा फोटो बघितला.

म्हणून म्हणते, लवकर काढ. मला त्याची सवय लागेल.

— धाकटी


१३ जुलै

ताई,

उत्तर मिळालं. पाकीट हातात देताना शिट्टीबाई म्हणाल्या, “बहिणीने खास व्यायाम पाठवलेत वाटतं?” मी म्हटलं, “हो, जिभेचे.”

तू लिहितेस, जिमच्या मालकांनी विचारलं, ‘तुझा आधीचा फोटो कुठे आहे? जी कधी जाड नव्हतीच तिचं कुठलं पोर ऐकेल?’ आणि तुझ्या मोबाइलमध्ये मी होते. तू लिहितेस, चेहरा अर्धा झाकलेला, शाळा लांबची, कोण ओळखणार. तू लिहितेस, आता कितीतरी शाळांत तक्ते गेलेत, ते परत ओढून घेता येणार नाहीत, आणि हे एकच काम आहे जे लोकांना तुझ्या हातून आवडलं.

आणि मग हे, तुझ्याच शब्दांत: ‘त्यापेक्षा तू योजना मनापासून कर. पूर्ण कर. मग फोटो खोटा राहणारच नाही. आधीही तू, नंतरही तू. मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगेन आणि आपण दोघी एकत्र व्हिडिओ करू.’

वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शर्ट चोरून वर चोरी झाकायला मालकालाच बारीक हो म्हणायचं? तू नर्सिंगच्या गणवेशात घरातून निघायचीस आणि जिमच्या काउंटरवर जाऊन बसायचीस, वर्षभर, तेव्हाही तुझी हीच युक्ती होती. आई म्हणाली होती, “एवढं खोटं बोलून राहायचं असेल तर इथे राहू नकोस.” तू संध्याकाळच्या आत बॅग भरलीस. आईला वाटलं होतं तू रडशील, भांडशील. ती दाराकडे तोंड करून बसली होती, आणि तू मागच्या दाराने गेलीस.

मी तुझा कागद चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मग तासाभराने बाहेर काढला. त्याला सफरचंदाची साल चिकटली होती. शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगणार नाही. ‘आपण दोघी एकत्र.’

मी उद्यापासून सुरू करतेय. तुझ्यासाठी नाही. उगाच हुरळू नकोस.

— धाकटी


५ ऑगस्ट

ताई,

उभ्यानेच लिहितेय. हल्ली बसवत नाही. बसलं की वाटतं, काहीतरी करायचं राहिलं. शिकवणं चालू असताना बाकाखाली टाचा वर-खाली करते. दात घासताना एका पायावर उभी राहते. रेडिओ पण. आम्ही दोघी वर्गात अशा हलत असतो की मागच्या बाकावरच्या मुलीने बाईंना सांगितलं, मला फळा स्थिर दिसत नाही.

तुझ्या योजनेत उपाशी राहा असं कुठे लिहिलेलं नाही. हे मी मान्य करते, उद्या तूच मला दाखवशील म्हणून आधीच. चाला, खेळा, वेळेवर झोपा, भाज्या खा, सगळं शहाण्यासारखं आहे. पण हे सगळं केलं तरी कुणी त्या डावीकडच्या फोटोतून उजवीकडच्या फोटोत जात नाही. एकही पोर नाही गेलं. मग पोरं काय समजतात ठाऊक आहे? योजनेत खोट आहे असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. सगळ्यांना वाटतं, खोट आपल्यात आहे. तुझ्या ताईला जमलं, मग मला का नाही, असं रेडिओ मला रोज विचारते. आणि डब्यातलं निम्मं मला देते. मग मी माझं निम्मं कुत्र्याला देते. शाळेच्या फाटकातलं ते कुत्रं मात्र तुझ्या योजनेच्या एकदम उलट दिशेने चाललंय.

माझा गोळा जवळ पडायला लागलाय. शिट्टीबाई म्हणाल्या, “खांदा दुखतोय का?” मी म्हटलं, हो. काल वर्तुळात उभी राहिले आणि गोळा हनुवटीखाली धरल्यावर मला तो पहिल्यांदा जड वाटला.

रेडिओ आता बोलत नाही. हे मला आधी कळलंच नाही, कारण वर्गात शांतता बरी वाटत होती. परवा मी तिला म्हटलं, हवामान काय म्हणतंय? तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. तिला थंडी वाजत होती. भर दुपारी.

ती स्कर्ट आवळून घ्यायला आईकडे आली होती. दुसऱ्यांदा. आईने तिच्या कंबरेला टेप लावली, मग टेप खाली ठेवली आणि परत लावली.

“अगं मुली, मागच्या महिन्यात तर आत घेतला होता.”

“सैल होतोय काकू.”

“सैल होतोय ते मला दिसतंय. का होतोय ते विचारतेय.”

रेडिओ हसली. “तुमच्या मोठीची योजना करतेय ना.”

यंत्र थांबलं. मला वाटलं, आता दोरा. पण आईने दोरा शोधला नाही. ती म्हणाली, “हा स्कर्ट मी आवळून देणार नाही. घरी जा आणि जेव.” रेडिओ तो स्कर्ट घेऊन दुसऱ्या शिंपिणीकडे गेली.

माझा फोटो पाठवत नाही अजून. सांगण्यासारखं काही झालेलं नाही.

— धाकटी


२१ ऑगस्ट

ताई,

रेडिओ पडली.

प्रयोगशाळेत. उंच स्टुलावर बसून ती तापमापक वाचत होती, आकडा मोठ्याने सांगायचा आणि मी लिहायचा, असं चाललं होतं. ती मध्येच थांबली. मी वहीतून मान वर न करता म्हटलं, “पुढे?” आणि मग धप्पकन आवाज आला. हनुवटी टेबलाच्या कडेवर आपटली. रक्त माझ्या बुटावर होतं. सरांनी तिला उचललं तेव्हा ते स्वतःच दचकले, इतकी ती हलकी होती.

आता ती दवाखान्यात आहे. हातात सुई, हनुवटीला टाके. डॉक्टरीण तिच्या आईला म्हणाल्या की हृदयाचे ठोके सावकाश पडतायत, खाणं हळूहळू वाढवायचं, त्यांच्या नजरेखालीच, आणि तिने मनावर घ्यायला हवं. तिची आई मला बाहेर घेऊन आली आणि म्हणाली, “ती माझं ऐकत नाही गं. तोंड मिटून बसते. तुझं ऐकेल. तक्त्यावरची ती तुझी बहीणच ना?”

मी आत गेले. रेडिओ म्हणाली, “थोडंच राहिलं होतं.” मग म्हणाली, “तुझी ताई कशी काय नाही पडली?”

ताई, मी पाणी आणते म्हटलं आणि जिना उतरून थेट रस्त्यावर आले.

मी योजना सोडली आहे. आज डबा पूर्ण खाल्ला. कुत्र्याला चुकल्यासारखं झालं असेल.

आता ऐक. तू बोल. एक व्हिडिओ कर आणि सांग की डावीकडची मुलगी तू नाहीस, ती कधी उजवीकडे गेलीच नाही. माझं नाव घे, मी आता अडवत नाही. तू सांगितलंस तर रेडिओ ऐकेल, ती तुझा शब्द झेलते. मी तुझ्या पाया पडते. लवकर कर. डॉक्टरीण ‘मनावर घ्यायला हवं’ म्हणतात, आणि तिच्या मनात तो फोटो आहे.

— धाकटी


२८ ऑगस्ट

ताई,

दोन ओळी! ‘थोडे दिवस थांब, योग्य वेळ बघून सांगते. मैत्रिणीला डॉक्टरांचं ऐकायला सांग.’ योग्य वेळ म्हणजे कधी गं? ती संपूर्ण गप्प झाल्यावर?

मी वाट बघितली नाही. रेडिओला घरी सोडलंय. पण डॉक्टरीण म्हणाल्या आहेत, वजन आणखी उतरलं तर परत भरती. मी गेले आणि तिच्या पलंगाच्या टोकाला बसून सगळं ओकले. गच्ची, ऊन, श्वास, सगळं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “तुला आईने पाठवलंय ना माझ्या? मी खावं म्हणून काहीही सांगशील तू.”

माझ्यावर तिचा विश्वासच बसला नाही. बसेल कसा? इतके दिवस मीच मान डोलावत होते.

मी तशीच घरी आले आणि कपाटाखालची पेटी ओढून कपडे उपसायला लागले. हिरवा टॉप सापडेना. आईने यंत्रावरून विचारलं, “काय हवंय?”

“हिरवा टॉप. माझा जुना.”

तिने कशाला म्हणून विचारलं नाही. उठली, आपल्या शिवणाच्या कपाटातून टॉप काढला, घडी घालून ठेवला होता. म्हणाली, “भिंतीवरचा, ना?”

“तुला माहीत होतं?”

“पहिल्याच व्हिडिओत ओळखला. मी शिवलाय तो.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?” मी किंचाळलेच जवळजवळ.

आई टॉपची घडी परत परत नीट करत होती. “ती दिसते ना त्यात. रोज. मी आवाज बंद करून बघते. मी बोलले असते, तर तिने मला तिथूनही काढलं असतं.” मग जरा थांबून म्हणाली, “त्या पोरीचा स्कर्ट परत पाठवला तेव्हाच बोलायला हवं होतं मी. मला तिच्यापेक्षा माझी मोठी प्यारी झाली.”

मला तिचा राग आला, ताई, आणि कीवही आली, दोन्ही एकदम. तिने चपला घातल्या.

रेडिओच्या खोलीत आई उगाच गोड बोलली नाही. टॉप पलंगावर पसरला आणि रेडिओच्या मोबाइलवर तुझा फोटो, म्हणजे माझा, मोठा करायला लावला. “खिसा बघ. कापड कमी पडलं होतं म्हणून कडेचा तुकडा लावला. फुलं उलटी आली. दुकानातल्या कपड्यात कुणी फुलं उलटी लावत नाही.” रेडिओने फोटोतला खिसा बघितला, मग टॉपचा. “आता टॉपची उंची बघ. माझी मोठी हिच्यापेक्षा हातभर उंच. हा तिच्या बेंबीवर आला असता. ती कधीच जाड नव्हती, पोरी. लहानपणी तिच्या मागे वाटी घेऊन फिरायला लागायचं मला.”

रेडिओने टॉपच्या खिशावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “म्हणजे ही मुलगी बारीक झालीच नाही?”

“नाही,” मी म्हटलं. “ही बघ, बसली आहे.”

“कुणीच झालं नाही?”

“कुणीच नाही.”

“मग तू मला का सांगितलं नाहीस? मी तुझ्याशेजारी बसत होते.”

मी म्हटलं, “मला पण ते खरं असायला हवं होतं.”

ती भिंतीकडे वळली आणि म्हणाली, “जा तू.” आम्ही उठलो. मी दारात चपला घालत होते तेव्हा आतून तिचा आवाज आला, तिच्या आईशी भांडत होती. सूप आहे का विचारत होती, आणि असलं तर त्यात इतकं पाणी का घातलंय, आणि चमचा मोठा का नाही दिला. तिची आई तिच्याहून मोठ्याने रडत होती.

माझ्याशी ती अजून बोलत नाही.

— धाकटी


२ सप्टेंबर

ताई,

आज काय काय झालं ते सांगते, म्हणजे तुला कोण कुठून बोलतंय ते कळेल.

सकाळी मी शिट्टीबाईंना सांगितलं. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. मग स्वतः खुर्चीवर चढून तक्ता काढला. रंग निघून भिंतीवर चार ओरखडे राहिले. बाई म्हणाल्या, “बाकीच्या शाळांचं काय?” त्यांच्या मागे अख्खा वर्ग उभा होता. कुणीतरी हसलं. मी म्हटलं, “हसा. ती मीच आहे.” वाटलं होतं जमिनीत गडप होईन. नाही झाले.

बाकीच्या शाळांचं काय, हे डोक्यातून जाईना. म्हणून घरी येऊन मी तुझ्या व्हिडिओखाली लिहिलं: ‘फोटोतली मुलगी ही नाही, तिची धाकटी बहीण आहे, म्हणजे मी. माझं काही कमी झालेलं नाही. कृपया उपाशी राहू नका.’ पाच मिनिटांत ते गेलं. मी परत लिहिलं. परत गेलं. तिसऱ्यांदा लिहायला गेले तर मला तुझं पानच दिसेना. तू मला तिथूनही ब्लॉक केलंस.

मी मोबाइल गादीवर आपटला. तुला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, आईने ऐकलंय तेवढं पुरे.

आई शिवत होती. तिने यंत्र थांबवलं, चष्मा पुसला आणि आपला मोबाइल घेतला. मी म्हटलं, “आई, नको. तुलाही काढेल ती. मग तुला दिसणार नाही ती.” आई म्हणाली, “माहीत आहे मला.” एका बोटाने टाइप करते ती, तुला ठाऊक आहे. मी मदत करायला पुढे झाले तर तिने हात बाजूला सारला. चहा गार झाला, त्यावर साय आली, तरी तिचं चाललंच होतं. मग तिने पाठवलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला, काही चुकलंय का बघायला.

दोन वर्षांत तुझ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द. तू वाचला असशील. तरी इथे उतरवते, चुकून न वाचता पुसला असशील तर राहायला नको:

‘मी या मुलीची आई. फोटोत आहे ती माझी धाकटी. बोलते आहे ती मोठी. मोठी कधीही जाड नव्हती. मुलांनो, पोटभर जेवा. दोघीही माझ्याच आहेत. बाळा, तुझ्या टी-शर्टची खांद्याची शिवण दंडावर उतरली आहे, प्रत्येक व्हिडिओत थोडी थोडी खाली येते. तू जेवतेस का?’

मी इतके दिवस तुझे व्हिडिओ बघितले, पण मला ती शिवण दिसली नव्हती. मग आईच्या मोबाइलवर पहिला व्हिडिओ लावला आणि मग कालचा. ताई, तुझ्या हाताची हाडं दिसतात.

तासभर झाला. कमेंट अजून तिथेच आहे. खाली पोरं काहीबाही लिहितायत, काही तुला शिव्या देतायत, एका मुलीने लिहिलंय की माझीही आई हेच विचारते. आईला त्यातलं काहीच वाचायचं नाही. ती मोबाइल मांडीवर घेऊन बसली आहे, आणि पडदा काळा झाला की बोट लावून परत उजळवते.

मला उत्तर नको. तिला दे.